विशेष मुलांचे शिक्षण : दारातील साधने आणि समाजाचे कर्तव्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा प्रसंग असतो, तसाच तो हिशोबाचाही असतो. दिवाळीला वही बंद करताना व्यापारी केवळ जमेची बाजू पाहत नाही. कोणते देणे राहून गेले, हेही तो पाहतो. पन्नास वर्षांच्या जमेच्या बाजूला आपल्याकडे पुष्कळ आहे. शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत, गुणवंतांचे सत्कार आहेत. राहून गेलेल्या एका देण्याविषयी आज बोलावयाचे आहे. ते देणे म्हणजे आपल्याच घरांतील विशेष मुलांचे शिक्षण.

लातूर आणि नांदेड ही आज शिक्षणाची गावे म्हणून ओळखली जातात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर रूढ झाला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी दूरदूरची मुले या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात. याचा अभिमान जरूर असावा. परंतु जेथे घरोघरी गुणांचीच चर्चा चालते, तेथे ज्या मुलाला गुणच मिळवता येत नाहीत, त्याच्या आईवडिलांची अवस्था काय होत असेल, याचा विचार फारसा झालेला नाही. गुणगौरवाच्या दिवशी अशी मुले सभागृहात दिसत नाहीत. पाठशाळेतही दिसत नाहीत आणि लग्नकार्यातही दिसत नाहीत. ती नसतात असे नाही; ती घरी असतात.

एका सामान्य व्यापारी कुटुंबाची कल्पना करावी. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. घरातील वडीलधारी माणसे धीर देतात की, याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते. एक वर्ष असेच जाते. मग नवस-सायास होतात, कोणी सांगेल त्या गावचे औषध आणले जाते. पाचव्या वर्षी शाळेत नाव घातले जाते आणि सहा महिन्यांत शाळेकडून निरोप येतो, "याला दुसरीकडे घाला." दुसरीकडे म्हणजे कोठे, हे मात्र कोणी सांगत नाही. नवव्या वर्षी कोणीतरी योग्य तज्ज्ञाचा पत्ता देतो आणि तो तज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतो, "इतके दिवस कोठे होतात?"

या प्रश्नाचे उत्तर आईवडिलांपाशी नसते. त्या कुटुंबाकडे पैसा नव्हता असे नाही, आणि मुलावर प्रेम नव्हते असे तर मुळीच नाही. त्यांच्याकडे माहिती नव्हती, आणि मनात संकोच होता. या दोन गोष्टींनी मुलाची सहा मोलाची वर्षे घेतली. बालपणीची पहिली वर्षे मेंदूच्या वाढीची असतात. त्या काळात मिळालेल्या वाचोपचाराचा, भौतिकोपचाराचा आणि विशेष शिक्षणाचा जो उपयोग होतो, तो पुढे तितकाच होईल याची खात्री नसते. म्हणूनच या विषयात सर्वांत मोठे नुकसान पैशाचे नसून वेळेचे असते.

आता साधने कोणती आहेत, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी निदानाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी वैद्यकीय पथके या कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जातात. विकासात विलंब आढळलेल्या मुलांना पुढील उपचारासाठी जिल्हास्तरावर पाठवले जाते. परंतु आपली बहुतेक मुले खासगी बालवाडीत जात असल्यामुळे या पथकाच्या नजरेस पडतच नाहीत. म्हणून शंका येताच पालकांनी स्वतः बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि मुलाच्या वाढीची रीतसर तपासणी मागून घ्यावी.

दुसरी पायरी प्रमाणपत्राची. अनेक पालक येथेच थांबतात. कागदावर 'दिव्यांग' असा शब्द आला की मुलावर कायमचा शिक्का बसेल आणि मोठ्या बहिणीच्या सोयरिकीत अडचण येईल, अशी भीती त्यांना वाटते. वस्तुतः हे प्रमाणपत्र म्हणजे सर्व दारांची किल्ली आहे. २०२१ पासून ते संगणकीय पद्धतीने दिले जाते आणि त्यासोबत वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे केवळ सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचाही आता त्यात समावेश आहे. ज्या मुलाला पूर्वी 'हट्टी' किंवा 'आळशी' म्हणून मार बसत असे, त्याची अडचण आज कायद्याला मान्य आहे.

तिसरी पायरी शाळेची. याच कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रामार्फत समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक काम करतात. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्वामुळे शाळेत जाणे शक्य नसलेल्या मुलासाठी घरी शिक्षण देण्याची तरतूदही शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. किती पालकांना आपल्या तालुक्याचे गट साधन केंद्र कोठे आहे, हे माहीत असेल?

विशेष शिक्षण म्हणजे नेमके काय, याविषयीही गैरसमज आहेत. कापडाच्या व्यवहारातील उदाहरण घ्यावयाचे तर तयार कपडा एका ठरावीक मापाचा मिळतो. बहुतेकांना तो बसतो, काहींना बसत नाही. ज्याला बसत नाही, त्याच्या शरीराला कोणी दोष देत नाही. शिंपी माप घेतो आणि त्याप्रमाणे बेततो. विशेष शिक्षक हेच करतात. मुलाला आज काय येते, हे मोजून पुढील काही महिन्यांत काय शिकवावयाचे, याचा वैयक्तिक आराखडा ते बनवतात. एकासाठी ते ध्येय स्वतःच्या हाताने जेवणे असेल, दुसऱ्यासाठी पैसे मोजणे, तिसऱ्यासाठी दहावीची परीक्षा. मुंबईच्या जय वकील संस्थेने बौद्धिक अक्षम मुलांसाठी तयार केलेला 'दिशा' अभ्यासक्रम शासनाच्या सहकार्याने राज्यातील विशेष शाळांपर्यंत पोहोचला आहे.

आपल्या भागातही केंद्रे आहेत. लातूरजवळ हरंगुळ येथे जनकल्याण समितीचे 'संवेदना' हे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीचे विकसन केंद्र आहे. लातूर शहरात स्वमग्न आणि बहुविकलांग मुलांसाठी 'उमंग' ही संस्था काम करते. नांदेडकरांना रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर सिकंदराबादची राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्था आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मुलांची तपासणी आणि पालकांना मार्गदर्शन, दोन्ही होते. श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लग्नाच्या बस्त्यासाठी सहज हैदराबाद-मुंबई गाठणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही ठिकाणे दूर वाटू नयेत.

परीक्षेच्या बाबतीतही दार बंद नाही. राज्य मंडळ पात्र विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक आणि इतर सवलती देते. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तिन्ही जिल्हे लातूर विभागीय मंडळाकडे येतात. मात्र अर्ज शाळेमार्फत आणि वेळेवर करावा लागतो. परीक्षा महिन्यावर आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. ज्यांना नियमित शाळेचा वेग झेपत नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तेथे नोंदणीनंतर पाच वर्षांच्या मुदतीत, एकेक-दोन विषय देत परीक्षा पूर्ण करता येते.

व्यापारी समाजाला पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते आणि त्यात नियमित उपचारपद्धतींचा खर्चही येतो. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्यास दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. एस.टी.च्या प्रवासभाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बौद्धिक अक्षम मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. त्याच्या नावे मिळकत ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

म्हणजे साधने आहेत. परंतु ती विखुरलेली आहेत. रुग्णालय एका कार्यालयाखाली, शाळा दुसऱ्या, विमा तिसऱ्या, पालकत्व चौथ्या. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत हात धरून नेणारा कोणी नाही. हाच धागा तुटलेला आहे, आणि तो जोडणे हे ट्रस्टसारख्या संस्थेला सहज शक्य आहे. त्यासाठी नवी इमारत नको, कोनशिला नको. ट्रस्टच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस एक टेबल असावे. तेथे दोन प्रशिक्षित कार्यकर्ते बसावेत, त्यांतील एक शक्यतो स्वतः अशा मुलाची आई असावी. त्यांनी कागद भरून द्यावेत, तपासणीच्या दिवशी सोबत जावे, आणि ऐकलेली गोष्ट बाहेर बोलू नये. मदतीच्या वेळी फोटो काढू नयेत. ज्यांना उपचाराचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी एक निधी असावा. एखाद्या गरजू तरुण-तरुणीला विशेष शिक्षणाच्या पदविकेसाठी शिष्यवृत्ती द्यावी, म्हणजे पुढे याच गावात शिक्षक तयार होतील.

समाजाच्या शाळांनीही आत्मपरीक्षण करावे. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेशाची अट लागू नाही. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून धर्माने सूट दिली असे होत नाही. शिवाय दिव्यांग मुलास भेदभावाविना प्रवेश देण्याचे २०१६ च्या कायद्याचे कर्तव्य मान्यताप्राप्त शाळांवर आहेच. प्रत्येक वर्गात असे एक मूल सामावून घेता येणार नाही काय?

यावर काहीजण म्हणतात, हे त्या जीवाचे पूर्वकर्म. त्याला कोण काय करणार? कर्मसिद्धान्त स्वतःच्या आचरणाची तपासणी करण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखावर निकाल देण्यासाठी नव्हे. ज्या आईने रात्रभर जागून मुलाला सांभाळले, तिला सकाळी मंदिरात हे वाक्य ऐकवणे ही वाणीची हिंसा आहे. पाणी गाळून पिणाऱ्या, गोशाळा चालवणाऱ्या समाजाने आपल्याच घरातील जीवाला कोपऱ्यात ठेवावे, हे शोभत नाही. चार दानांत ज्ञानदान सांगितले आहे. ते फक्त हुशार मुलांसाठी आहे, असे कोठेही सांगितलेले नाही.

या भूमीला एक आठवण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. त्या वेळी श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने १२०० भूकंपग्रस्त मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. जात विचारली नाही, गुण विचारले नाहीत. इतक्या मुलांचे पालकत्व जो समाज घेऊ शकतो, त्याला आपल्या वस्तीतील मोजकी मुले जड नाहीत. त्या वेळी मुले दिसत होती, म्हणून हात पुढे आले. आज ही मुले दिसत नाहीत, एवढाच फरक आहे.

म्हणून प्रारंभ अगदी लहान असावा. येत्या पर्युषणात प्रत्येक कुटुंबाने आपले विशेष मूल सोबत आणावे. ते प्रवचनात मध्येच बोलेल, टाळ्या वाजवील, उठून चालू लागेल. कोणी मागे वळून पाहू नये. शेजारच्याने सरकून जागा द्यावी. आईला त्या दिवशी जे बळ मिळेल, त्या बळावर ती सोमवारी प्रमाणपत्राच्या रांगेत उभी राहील. सुवर्णमहोत्सवाच्या वहीत एवढे एक देणे फिटले, तरी पन्नास वर्षांचा हिशोब बरोबर जुळला असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.