अर्धशक्तीचा नियम

(शेवगाव येथे महिलांच्या आरोग्यविषयक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रारंभीच सांगितलेले बरे, की मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. पत्रकाराच्या व्यवसायात लोकांचे ऐकावे लागते आणि ऐकलेले पडताळून पाहावे लागते. आजच्या विषयावर मी तेवढाच अधिकार सांगू शकतो.

आपल्या भागात दुखण्याला शब्दांची वाण नाही. ‘अंग मोडून आलंय’, ‘हातपाय गळाल्यात’, ‘अंगात त्राण न्हाई’, ‘रातभर निजले तरी झोप लागल्यावानी वाटत न्हाई’. ही वाक्ये कापूस वेचणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकू येतात, तशी शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडूनही. बरे, तपासायला गेले तर सांधे सुजलेले नसतात, एक्स-रे स्वच्छ असतो. मग घरात कुणीतरी म्हणते, ‘सोंग आहे सगळं.’ त्या एका शब्दाने होणारी इजा मूळ दुखण्याहून खोल जाते, असे माझे मत आहे.

या दुखण्याला आधुनिक वैद्यकात नावे आहेत. अंगभर, महिनोन्महिने टिकणारी वेदना, झोप होऊनही न जाणारा शिणवटा आणि विसराळूपणा एकत्र आढळले, की त्यास फायब्रोमायल्जिया म्हणतात. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९० साली त्याचे निकष ठरविले. शरीरावरील अठरा ठरावीक जागा दाबून पाहायच्या आणि किमान अकरा ठिकाणी दुखले पाहिजे, असा तो नियम होता. २०१० साली नवे निकष आले आणि झोप, थकवा यांनाही मोजमापात स्थान मिळाले. सांध्यांत दोष नसतो. वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. खोलीत हलक्या आवाजात बोललेले वाक्य भोंग्यावरून गावभर ऐकू जावे, तसा हा प्रकार. भोंगा बिघडला म्हणून बोलणारा खोटा ठरत नाही.

दुसरा आजार याचा सख्खा शेजारी, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा विकार. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्यावर मोठा अहवाल दिला आणि त्याची मुख्य खूण सांगितली. ती अशी, की थोडेसे श्रम झाले तरी त्याची किंमत रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजावी लागते आणि विश्रांतीने शीण भरून निघत नाही. पुष्कळदा एखाद्या विषाणुजन्य तापानंतर हे सुरू होते. कोविडनंतर महिनोन्महिने अंथरूण न सोडू शकलेली माणसे आपण पाहिली आहेत. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली होती, तेव्हाही ताप गेला आणि सांधे मात्र कित्येक महिने धरून राहिले, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल.

हे श्रीमंतांचे, शहरी दुखणे आहे असा एक समज आहे. तो पुणे जिल्ह्यातल्याच एका गावाने खोटा ठरविला. इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे अठरा टक्के लोकांना स्नायू-सांध्यांच्या वेदना असल्याचे आढळले आणि त्यांतील मोठ्या हिश्शाचे दुखणे संधिवाताच्या कोणत्याही ठरावीक नावात बसणारे नव्हते. भिगवण उजनीच्या फुगवट्यावर, आपण जायकवाडीच्या. तिथले चित्र येथे फार वेगळे असेल, असे मानायला मला कारण दिसत नाही.

येथे तर कष्टांचा हिशेब आणखी जड आहे. शेवगाव-पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास ‘कोयता’ निघतो. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता! मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. बाई पहाटे तीनला उठून भाकरी करते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते, रात्री गाडी भरायलाही उभी असते. अंग दुखले तर खाडा आणि खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याचे प्रमाण एवढे वाढले, की २०१९ साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. बीड आपल्या शिवेला लागून आहे. दुखण्याला नाव नसले, की अवयवच काढून टाकण्याचा सल्ला किती सहज दिला जातो, याचे ते उदाहरण आहे.

आता पर्यायी उपचारांकडे येतो. ‘पर्यायी’ हा शब्द मला खुपतो. चरक-सुश्रुतांच्या देशात आयुर्वेदाला पर्याय म्हणायचे, ही मेकॉलेच्या शिक्षणाने दिलेली भाषा आहे. पण अभिमान बाळगायचा तर ग्रंथ उघडून पाहिले पाहिजेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे पन्नास गण सांगितले आहेत. त्यांतील एक गण ‘श्रमहर’, म्हणजे थकवा घालविणारा. त्यात दहा द्रव्ये येतात: द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, सातू आणि साठेसाळीचा तांदूळ. ऊस! जो उचलून बाईचे अंग मोडते, तोच ऊस आचार्यांनी श्रमहर म्हणून नोंदविला आहे. आणि या दहांत एकही महागडे भस्म नाही, हेही ध्यानात घ्या. बोर-डाळिंब तर आपल्याच मातीत होते. मधुमेह असणाऱ्या भगिनींनी मात्र ऊस-खजुराच्या वाटेला जाऊ नये.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते औषध नव्हे, एक शब्द आहे: अर्धशक्ती. सुश्रुताने आणि पुढे वाग्भटाने व्यायाम सांगताना ही मर्यादा घातली. आपली जेवढी शक्ती, तिच्या निम्म्यापर्यंतच श्रम करावेत. ती निम्मी झाली हे ओळखायचे कसे? श्वास नाकाने पुरेना, तोंडाने घ्यावा लागू लागला, की थांबावे. ही सूचना धट्ट्याकट्ट्या माणसासाठी आहे. रोग्याने त्याच्याही आत राहायचे.

आता पश्चिमेकडे काय झाले पाहा. दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांना तेथे वर्षानुवर्षे सांगितले जाई, की रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या. पुष्कळांची प्रकृती त्याने बिघडली. अखेर २०२१ साली ब्रिटनच्या ‘नाईस’ या अधिकृत संस्थेने तो ठरावीक वाढीचा व्यायाम देऊ नये असे जाहीर केले आणि शक्तीच्या मर्यादेत राहून दिवस आखण्याचा सल्ला दिला. आपल्या आचार्यांनी हा आजार ओळखला होता असा दावा मी करणार नाही, तो खोटा ठरेल. मोजून श्रम करण्याची दृष्टी मात्र त्यांच्यापाशी होती, आणि ती उपयोगी आहे.

फायब्रोमायल्जियाची गोष्ट थोडी वेगळी. तेथे हालचाल हवी, पण हळूहळू वाढणारी. युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी २०१६ साली सगळ्या उपचारांचा आढावा घेतला. एवढ्या गोळ्या-उपचारांमधून ठाम शिफारस केली गेली ती केवळ व्यायामाची. योग, ध्यान, अॅक्युपंक्चर यांची शिफारसही झाली, पण पुरावा अजून अपुरा आहे म्हणून सौम्य शब्दांत. त्याआधी २०१० साली अमेरिकेतील ऑरेगॉन येथे अशा ५३ स्त्रियांवर प्रयोग झाला होता. आठ आठवडे सौम्य आसने, प्राणायाम व ध्यान केलेल्यांच्या वेदना आणि थकवा दोन्ही उतरले. मनात येते, की हा प्रयोग ऑरेगॉनला का व्हावा, अहिल्यानगरला का नाही?

कारण पडताळणीची परंपरा आपलीच आहे. आपल्या जिल्ह्याच्या गावी वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय उभारले आणि औषधांच्या गुणधर्मांवर ग्रंथ लिहिला. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांच्या वेळी पोटात दाब किती होतो हे यंत्राने मोजले, क्ष-किरणाने पाहिले. स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे आडनावही गुणेच! परीक्षेला उभे राहिल्याने शास्त्राची अप्रतिष्ठा होते असे या दोघांना वाटले नाही. भिगवणच्या पाहणीचा उल्लेख केला, त्याच डॉ. चोप्रांनी पुढे आयुर्वेदीय औषधे काटेकोर चाचणीस लावली. गुडघ्याच्या झिजेवर सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांचे योग आधुनिक वेदनाशामकाच्या तोडीस उतरले, असा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच चाचणीत काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित घटक वाढल्याचेही आढळले आणि तेही लपविले गेले नाही. मला या दुसऱ्या वाक्याचा अभिमान अधिक वाटतो.

२०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताचा विकार झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने ते नाकारले आणि दिसायला सारखी असणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा मुद्दा मांडला. असा वाद वनस्पती तपासूनच सुटतो, घोषणांनी सुटत नाही. तोवर कुंपणावरची कोणतीही वेल आणून काढा उकळू नये आणि ज्यांना यकृताचा त्रास आहे त्यांनी तर मुळीच नाही. अश्वगंधेचेही तसेच. गर्भवतीने ती घेऊ नये आणि थायरॉईडची गोळी चालू असल्यास वैद्यांना आधी सांगावे.

आता एका कडू विषयाकडे वळतो. आठवडे बाजारात, यात्रेत, कधी घरपोचही ‘वाताची पुडी’ मिळते. पाकिटावर नाव नसते, गाव नसते. विकणारा ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणतो. दोन दिवसांत दुखणे पळते, बाई धावू लागते, शेजारणीला सांगते. अशा बेनामी पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असल्याचे तपासण्यांतून वेळोवेळी उघड झाले आहे. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, अंगावर सूज येते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पुडी बंद केली की अंग पहिल्याहून अधिक मोडते, म्हणून पुन्हा पुडी. आयुर्वेदाच्या नावावर विकलेली ही फसवणूक आयुर्वेदाच्या उघड शत्रूने केली असती, तर आपण मोर्चे काढले असते. आपल्याच माणसाने केली म्हणून गप्प बसायचे का? जी भगिनी अशी पुडी बरेच दिवस घेत असेल, तिने ती एकदम बंद करू नये. त्याने जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने कमी करत आणावी.

तसाच दुसरा प्रकार सलाईनचा. ‘ताकदीची बाटली’ म्हणून जे चढविले जाते, त्यात बहुधा मीठ-साखरेचे पाणी असते. दिवसभर पडून राहायला मिळते, बरे वाटते ते त्यामुळेच.

मग करायचे काय? सर्वप्रथम रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी होते. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, जीवनसत्त्व ब-१२ आणि ड पाहिल्याशिवाय थकव्याला मोठे नाव देऊ नये. अर्धे थकवे येथेच उतरतील, असा माझा अंदाज आहे. वजन घटणे, रोजचा ताप, सांध्यांना सूज, सकाळी तासभर न उघडणारी बोटे, यांपैकी काही असेल तर प्रथम रुग्णालय.

तपासण्या निर्दोष आल्या आणि दुखणे राहिलेच, तर दिवसाची आखणी करा. पाणी, केर, धुणे एका दमात उरकायचे नाही. कामाचे तुकडे करायचे, मध्ये पाठ टेकायची. भाकरी बसून थापायची. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी चार दिवसांचे काम ओढायचा मोह होतो, आणि तोच घात करतो. सकाळी पवनमुक्तासन, मकरासन, भ्रामरी, शेवटी शवासन. सुरुवातीला दहा मिनिटे पुष्कळ झाली. रात्री कोमट तेल लावून काशाच्या वाटीने तळपाय चोळावेत. ग्रंथांनी पादाभ्यंगाची थोरवी गायली आहे. आधुनिक पुरावा तोकडा आहे. पण अपाय नाही, खर्च नाही आणि झोप लागते. झोपेची वेळ ठरलेली असावी. गीतेच्या सहाव्या अध्यायातला आहार, विहार आणि निद्रेचा मेळ ज्ञानोबांनी आपल्या शेजारच्या नेवाशात बसून, शके १२१२ मध्ये उलगडला. तो आपण कीर्तनात ऐकतो आणि घरी येऊन बाईला पहाटे तीनला उठवतो.

औषध घ्यायचे तर नोंदणीकृत वैद्याकडून. बाटलीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकद्रव्यांची यादी छापलेली हवी. चालू असलेली ऍलोपॅथीची गोळी परस्पर सोडू नये. कोणी सहा आठवड्यांत मुळासकट घालवून देतो म्हणाला, तर उठून यावे. हा आजार बहुतेकांत आटोक्यात राहतो, माणूस कामाला लागतो; पण घड्याळ लावून बरा होत नाही.

आणि पुरुषांना एक विनंती. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले, त्यांतील एक ‘सत्त्वावजय’, म्हणजे मनाला आधार देणारी चिकित्सा. ती देण्यासाठी वैद्यकीची पदवी लागत नाही. घरातला हंडा पुरुषाने उचलला, ‘सोंग’ हा शब्द तोंडातून काढला नाही, तपासणीला सोबत गेला, तरी ती होते. मुकादमांनी खाड्याचा दंड आजारी बाईपुरता सोडला, तर मी त्यालाही चिकित्साच म्हणेन.

आपल्यासोबत आज वैद्यमंडळी बसली आहेत. कोणाच्या पिशवीत तशी पुडी असेल, तर संकोच न करता त्यांना दाखवा. कुणाचे नाव विचारले जाणार नाही.