गोल्फची गाडी आणि आपली पांदण
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे : 'जुनी गोल्फगाडी घ्यावी काय?' ती ओळ वाचली तेव्हा मागच्या रांगेत हशा झाला. हसण्यासारखेच आहे. ज्या खेळासाठी एकेका मैदानाला शंभर-सव्वाशे एकर हिरवळ लागते आणि पाणी आपल्या तालुक्याच्या वाट्याचे लागते, त्या खेळाची गाडी आपल्या वावरात काय करणार?

पण हा प्रश्न ज्या पोरांनी आणला, त्यांच्या गटाने तीन वर्षे महिन्याला दोन-दोनशे रुपये टाकून पैसा जमवला आहे. एका रिसॉर्टमध्ये पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी पडून आहे. मालक पंच्याऐंशी हजार म्हणतो. पोरांचे म्हणणे असे, की गावात बैल मोजक्याच घरी राहिले, पांदणीत ट्रॅक्टर फसतो, आणि फवारणीचे पाणी, खताची पोती, वेचणीवाल्या बायांचे प्यायचे पाणी हे सगळे अजून डोक्यावरच जाते. यात हसण्यासारखे काही नाही. डोक्यावर कोणाच्या जाते, हे इथे बसलेल्या बहिणी सांगतील.

आम्ही ही गाडी चालवली आहे, उघडली आहे आणि उलटवलीही आहे. म्हणून बोलायला उभे राहिलो.

2018 साली आम्ही पश्चिम टेक्सासात लबकच्या भागात पंधरा दिवस होतो. तिथेही कापूस आणि ज्वारीच. पाऊस आपल्या यवतमाळच्या जेमतेम निम्मा. जमिनीखालचा ओगलाला नावाचा पाण्याचा साठा उपसून उपसून खाली गेला, म्हणून ओलिताचे कितीतरी शेतकरी पुन्हा कोरडवाहूवर आले आहेत. त्यांची जमीन आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आणि त्यांच्या पीकविम्याच्या हप्त्यात सरकारचा हात मोठा, हे खरे. तो हिशोब पुन्हा कधी मांडू. पण आम्ही ज्या म्हाताऱ्याकडे उतरलो होतो, त्याच्या गोठ्यात अशीच एक गोल्फगाडी होती.

ही गाडी तिथे स्वस्त मिळते त्याचे कारण सोपे. जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचे गाव आहे. क्लब कार आणि ई-झेड-गो या दोन मोठ्या कंपन्या तिथल्याच. मैदानवाले त्यांच्याकडून चार-पाच वर्षांच्या भाडेकराराने गाड्या घेतात, मुदत संपली की बदलतात. जुन्या गाड्या बाजारात येतात आणि शेतकरी, शिकारी, नर्सरीवाले त्या उचलतात. यंत्र अगदी साधे. एका सिलिंडरचे, तीनशे सीसीच्या आतबाहेरचे, हवेने थंड होणारे चारस्ट्रोक इंजिन. ताकद आठ-दहा अश्वशक्ती. गियर टाकायचा नाही. पाय दाबला की स्टार्टर फिरतो, इंजिन चालू होते आणि गाडी निघते. पाय उचलला की इंजिन बंद. इंजिनावर एक कप्पी, मागच्या ऍक्सलवर एक कप्पी, मध्ये रबरी पट्टा. वेग वाढला की कप्प्यांची तोंडे उघडतात, मिटतात आणि गियर आपोआप बदलतो. ज्यांनी 1984 नंतर आलेली कायनेटिक होंडा उघडली असेल, त्यांना ही करामत ठाऊक आहे.

आम्ही गेलो तेव्हा म्हाताऱ्याची गाडी बंद होती. मुलाने नवा कार्बोरेटर मागवून ठेवला होता. म्हातारा म्हणाला, आधी पाहू, मग बदलू. आणि मग जे त्याने केले ते आमच्या कृषी महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते.

पाय दाबला, स्टार्टर जोरात फिरला. म्हणजे बॅटरी आणि सोलेनॉइड बरे. प्लग काढून धातूला टेकवला, ठिणगी निळी. प्लगच्या भोकावर अंगठा धरून इंजिन फिरवले, अंगठा उडाला. म्हणजे कॉम्प्रेशन आहे. मग कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल. इंजिन दोनदा खोकले आणि मेले. म्हणजे पेट्रोल पोचत नाही. आम्ही म्हणालो, पंप गेला. तो म्हणाला, पंपाला हलवते कोण ते बघा. त्या पंपाला ना तार असते, ना दांडा. इंजिनाच्या पोटात पिस्टन खालीवर होताना हवेचा जो धक्का बसतो, तो एका बारीक नळीने पंपाच्या पडद्यापर्यंत येतो आणि पडदा हलतो. ती नळी चिरली होती. दोन डॉलरची नळी. नवा कार्बोरेटर डब्यातच राहिला.

नळ्या का चिरतात? तिथे पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते, आपल्याकडे आता वीस टक्के. ऊसवाल्या भावांचे त्यात भले असेल, आमची तक्रार नाही. पण जुन्या गाडीचे रबर त्याने खराब होते आणि महिनोन्महिने ठेवलेले पेट्रोल हवेतली ओल ओढते. म्हणून जुनी गाडी घेतली की सगळ्या रबरी नळ्या आधी बदलायच्या, आणि गाडी हंगामानंतर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा करून ठेवायचा.

मग त्याने इंजिनावरचे पत्र्याचे आवरण काढले. आत उंदराचे घर, आणि पंखांच्या फटींत कापसाचा फुसका घट्ट बसलेला. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा श्वासच कोंडला होता. कापसाच्या मुलुखात हे दर महिन्याला साफ केले पाहिजे, नाहीतर पिस्टन धरतो. कप्प्या कोरड्या फडक्याने पुसल्या. आम्ही ग्रीसचा डबा पुढे केला तर तो ओरडलाच. त्या कप्पीला ग्रीस लावले की धूळ चिकटते आणि वजने अडकतात.

इथपर्यंत शहाणपण म्हाताऱ्याचे. पुढचे शहाणपण मुलाचे आणि आमचे.

मुलाला गाडी उंच करायची होती. नाल्याच्या काठाने दगड लागत, कापसाच्या उभ्या खुंटांनी टायर फुटत. त्याने अठरा इंची टायर काढून बावीस इंची जाड टायर लावले, ते बसावेत म्हणून सहा इंच उचलणारा किट लावला. आम्ही पाने धरले आणि उत्तेजन दिले. गाडी देखणी झाली. पण हिशोब कोणी केला नव्हता, तो आता करू.

मागचा ऍक्सल अखंड असतो. किटने गाडीचे अंग वर जाते, ऍक्सल जातो तो फक्त टायरच्या वाढीच्या अर्ध्याने. बावीस वजा अठरा, चार. त्याचे निम्मे दोन. म्हणजे ऍक्सलचा गोळा दगडापासून वर गेला दोन इंच, आणि माणसे बसतात ती जागा वर गेली आठ इंच. दोन इंच कमावायला आठ इंच उंची डोक्यावर घेतली. दुसरे, चाक मोठे झाले की प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, तेवढी ओढ कमी होते. अठरा भागिले बावीस करा. ओढ शेकडा अठरा घटली. चढावर पट्टा घसरून जळका वास येऊ लागला. मुलाने मागच्या कप्पीची स्प्रिंग कडक घातली, थोडा फरक पडला. मग त्याने गव्हर्नरही आवळला. गव्हर्नर गाडीला ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या आसपास रोखतो. तो का रोखतो, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. अशा गाडीला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, तेही तारेवर ओढायचे.

दुसऱ्या दिवशी आम्हीच चालवत होतो. मागे पाण्याचे दोन पिंप. नाल्याकडे उतार, वळण, ब्रेक दाबला, पिंपातले पाणी एका बाजूला गेले आणि गाडी बाजूवर आडवी. आमचे उजवे मनगट मोडले. शेजारी मुलाची दहा वर्षांची पोर बसणार होती, ती ऐन वेळी आजीकडे पळाली म्हणून वाचली. ही गोष्ट आम्ही आजवर कुठल्या सभेत सांगितली नव्हती.

म्हातारा काही बोलला नाही. त्याने सहा इंचांचा किट काढला, कमी उंचीचा लावला, वीस इंची, जास्त थरांचे टायर आणि बाहेर निघणाऱ्या रुंद रिम घातल्या, म्हणजे चाकांतले अंतर वाढले. गव्हर्नर जागेवर आणला. ब्रेक शू आणि तारा नव्या घातल्या. खुंटांसाठी टायरमध्ये भोक बुजवणारे द्रव भरले. पिंप आडवे, खाली आणि बांधून. ती गाडी मग दगड टाळून, हळू, पण रोज चालली.

आता आपल्या पोरांच्या गाडीकडे येऊ. ही बैलगाडीची जागा घेणार नाही. बैलगाडीत आठ-दहा क्विंटल कापूस जातो, हिच्यात माणसे धरून साडेतीन क्विंटलच्या वर घालू नये. ओल्या काळ्या मातीत हिचे एकच चाक गरगर फिरेल आणि गाडी बसेल, कारण दोन्ही चाकांना सारखी ओढ देणारी सोय तिच्यात नाही. तेव्हा जून ते सप्टेंबर ही गाडी पोरांच्या उपयोगाची नाही, हे आधीच मनाला सांगा. उपयोग आहे तो वेचणीत आणि रब्बीत, वाळलेल्या पांदणीवर. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. डांबरी रस्ता ओलांडून ज्यांचे वावर आहे त्यांनी हे धरून चालावे.

पंच्याऐंशी हजार आमच्या मते जास्त आहेत. अंगठा उडत असेल, ऍक्सल घरघरत नसेल आणि चेसिस गंजली नसेल तर चाळीसपर्यंत जावे. पंधरा-वीस हजार टायर, ब्रेक आणि नळ्यांना बाजूला ठेवावेत. पट्टा आणि स्टार्टरचे ब्रश कुठे मिळतील याचा पत्ता सौद्याआधी लागला पाहिजे, नंतर नाही. मालक पेट्रोल घालून गाडी आधीच गरम करून ठेवील. तुम्ही थंड इंजिनच मागा.

गटातल्या बहिणींनी विचारले आहे की चालवणार कोण. पाणी ज्यांच्या डोक्यावरून जाते त्यांनाच आधी शिकवावे, असे आमचे मत आहे. ठराव मात्र गटाने करायचा.

गाडी पाहायला येत्या रविवारी सकाळी सातला निघायचे आहे. प्लगचा पाना आणि एक लिटर ताजे पेट्रोल आम्ही आणतो. गावातल्या ज्या मिस्त्रीने कायनेटिक होंडा उघडली आहे, त्याला कोणीतरी आजच सांगून ठेवा.