आधी घरची फाइल, मग जिनिव्हा

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मागच्या तालुका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "तलाठी ऐकत नाही, तहसीलदार ऐकत नाही, कोर्टात तारखेवर तारीख पडते. मग आपण सरळ जिनिव्हाला, युनोच्या मानवी हक्कवाल्यांकडे का जात नाही?" टाळ्या पडल्या. प्रश्न मलाही आवडला. पण टाळ्यांनी दरवाजे उघडत नाहीत. दरवाजा कुठे आहे, त्याची कडी कुणाच्या हातात आहे, हे आधी पाहायला पाहिजे. आज मी तेवढेच बोलणार आहे.

मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय न्यायासनांचा एक जुना नियम आहे. आपल्या देशातले उपाय आधी संपवा, मग आमच्याकडे या. 1959 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हा नियम पक्का रुजलेला असल्याचे सांगितले. यात अवघड काही नाही. बांधाचे भांडण आपण आधी गावात मिटवायला बघतो, मग कचेरीत जातो. ज्याच्याकडून चूक झाली त्याला ती सुधारायची संधी द्यायची, एवढाच त्याचा अर्थ.

पण संधी म्हणजे जन्मभराची मुदत नव्हे. हे समजण्यासाठी एक गोष्ट सांगतो. ती आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची आहे.

दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे नावाचा देश आहे. तिथे येरुती नावाची लहान शेतकऱ्यांची वसाहत आहे. तिच्या चारी बाजूंनी सोयाबीनची मोठी यांत्रिक शेती पसरली. फवारणीचे विष वाऱ्याबरोबर घरांवर, विहिरींवर यायला लागले. जानेवारी 2011 मध्ये 26 वर्षांचा एक शेतकरी उलट्या आणि तापाने मेला. त्याच वेळी वसाहतीतल्या 22 जणांना दवाखान्यात न्यावे लागले. त्या लोकांनी काय केले? ते आधी आपल्याच देशाच्या कोर्टात गेले. त्याच वर्षी कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. सरकारी खात्यांनी आपले कर्तव्य केले नाही, असे कोर्ट म्हणाले. फवारणी मात्र थांबली नाही. फौजदारी तपासही सुरू झाला आणि जागच्या जागी बसला. आजारी लोकांच्या रक्त-लघवीच्या तपासणीचे निकाल फाइलमध्ये लागलेच नाहीत.

मग ती माणसे युनोच्या मानवी हक्क समितीकडे गेली. सरकारने तिथे सांगितले की यांचे घरचे उपाय अजून संपलेले नाहीत. समितीने ते ऐकले नाही. नियमातच पुढचे वाक्य आहे, की उपायांना अवाजवी विलंब होत असेल तर हा नियम लागू नाही. घटनेला आठ वर्षे उलटली तरी तपास हलला नव्हता. जुलै 2019 मध्ये समितीने पॅराग्वे सरकारला दोषी धरले. जगण्याचा हक्क मोडला आणि घरादाराचे संरक्षण झाले नाही, असा तो निर्णय आहे. खरा तपास करा, दोषींवर कारवाई करा, लोकांना भरपाई द्या, असे सरकारला सांगितले.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. येरुतीचे लोक जिंकले ते कोर्टाला कंटाळून थेट जिनिव्हाला गेले म्हणून नव्हे. कोर्टात गेले, निकाल मिळवला, तो पाळला गेला नाही हे कागदावर दाखवले, म्हणून जिंकले. सरकारने लावलेला प्रत्येक दिवसाचा उशीर त्यांच्या बाजूचा पुरावा झाला. "आमच्याकडे न्याय मिळतच नाही हो," असे नुसते म्हणून भागत नाही. उपाय कुचकामी असेल असा संशय पुरत नाही, असे ही समिती पुन्हापुन्हा सांगत आली आहे. संशय आपला असतो. अर्ज, पोच आणि तारीख हा पुरावा असतो.

अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाने याला आणखी दोन गोष्टी जोडल्या. 1988 साली होंडुरासच्या खटल्यात ते म्हणाले की, उपाय शिल्लक आहेत असे सरकार म्हणत असेल तर ते कोणते आणि ते चालतात कसे, हे सरकारने दाखवावे. 1990 साली सांगितले की, गरिबीमुळे किंवा वकील भीतीने वकीलपत्र घेत नाहीत म्हणून एखादा कोर्टापर्यंत पोचूच शकला नाही, तर त्याच्यावर हा नियम लादता येत नाही.

आता आपल्याकडे या, आणि मन घट्ट करून ऐका. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार भारताने 1979 साली स्वीकारला. पण माणसाने स्वतः समितीकडे तक्रार करण्याची सोय वेगळ्या जोडकरारात आहे आणि तो भारताने स्वीकारलेला नाही. युरोपला, अमेरिका खंडाला, आफ्रिकेला आपापले मानवी हक्क न्यायालय आहे. आशियाला नाही. म्हणजे येरुतीच्या शेतकऱ्याला जो दरवाजा मिळाला, तो आपल्याला बंद आहे. तुमच्या गावात कुणी "जिनिव्हात केस लावून देतो" म्हणून वर्गणी मागितली, तर त्याला हा जोडकरार विचारा. युनोच्या विशेष प्रतिवेदकांना आपण पत्र लिहू शकतो. तिथे उपाय संपवण्याची अट नाही. पण ते कोर्ट नव्हे. ते सरकारला विचारणा करतात, हुकूम देत नाहीत.

मग हे सगळे आपल्याला कशाला? त्यासाठी यवतमाळ आठवा. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना तिथे शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधित झाले, वीसहून अधिक दगावले. 2020 साली त्यांतल्या 51 जणांची तक्रार स्वित्झर्लंडच्या सरकारी तक्रार-केंद्रापर्यंत गेली. 2021 साली वाचलेला एक शेतकरी आणि दोन मृतांच्या बायका तिथल्या कोर्टात गेल्या. सातासमुद्रापार हे प्रकरण कशाच्या जोरावर उभे राहिले? कोणत्या औषधाने बाधा झाली, याच्या इथल्या पोलिसांच्या नोंदी होत्या म्हणून.

आता माझी चूक सांगतो. मी कृषी पदवीधर. नोकरीत नवा असताना एका गावात कपाशी फवारणारा मजूर कोसळला. आम्ही त्याला बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने दवाखान्यात नेले. तो वाचला नाही. औषधाची बाटली कुणीतरी ओढ्यात फेकली. केसपेपरवर नुसते "विषप्राशन" लिहिले गेले, म्हणजे जणू त्याने स्वतःच घेतले. मी तिथे उभा होतो. मला औषधाचे नाव, त्यातला घटक, मात्रा, सगळे पाठ होते. मी एक ओळ लिहून दिली नाही. त्याच्या बायकोला पुढे काहीच मिळाले नाही. कोर्ट लांबच राहिले, अर्जाला जोडायला कागदच नव्हता. जिनिव्हाचा दरवाजा उघडा असता तरी ती तिथे काय घेऊन गेली असती?

म्हणून प्रत्येक गावच्या शाखेने आजपासून ही शिस्त लावावी. बाधा झाली की बाटली आणि लेबल जपा, बॅच नंबरसह. केसपेपरवर औषधाचे नाव आणि "फवारणी करताना" हे शब्द लिहून घ्या. अर्ज दोन प्रतींत द्या, शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही. आणि हायकोर्टात जाताना नुसती भरपाई मागू नका. घटनेच्या कलम 21 मधला जगण्याचा हक्क मोडला, हे पहिल्याच अर्जात लिहा. इथे जो हक्क मागितलाच नाही, तो उद्या बाहेर मागता येत नाही.

भारताने तो जोडकरार स्वीकारावा, ही मागणी आपण करूच. आज तसा ठराव मांडायला मी तयार आहे. पण दरवाजा उघडेल त्या दिवशी आपल्या हातात फाइल पाहिजे. आणि त्या फाइलच्या जोरावर इथल्याच कोर्टात न्याय मिळाला, तर जिनिव्हाचे तिकीट कुणाला पाहिजे?