दरवाजा कोणत्या घटकेला मिटावा?

(रत्नागिरी येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिरकणीची आख्यायिका येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाने बालपणी ऐकलेली आहे. दूध घालण्यास रायगडावर गेलेली ती माता सूर्यास्तानंतर दरवाजे मिटल्यामुळे अडकली आणि घरी असलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्रीच्या काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, एवढे सर्वांच्या स्मरणात राहते. परंतु जेथून ती उतरली तेथे बुरूज उभारला गेला, या भागाकडे सहसा दुर्लक्ष होते. कौतुक मातेचे झाले; वाट मात्र बुजविली गेली.

आजच्या मध्यमवर्गीय घराची तिजोरी लाकडी कपाटात राहिलेली नाही. निवृत्तिवेतनाचे खाते, मुदतठेवी, समभाग, विमा, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, मुलांच्या परीक्षांचे अर्ज हे सारे परवलीच्या शब्दांमागे गेले आहे. परवलीचा शब्द हा मूळचा पहारेकऱ्यांच्या व्यवहारातला शब्द. रात्री चौकीवर विचारला जाणारा आणि वेळोवेळी बदलला जाणारा. आपल्याकडे मात्र नातवाचे नाव आणि त्याचे जन्मवर्ष असा एकच शब्द दहा ठिकाणी वर्षानुवर्षे चालतो. एका ठिकाणी तो फुटला की दहाही दारे उघडतात.

यावरचा उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. बिटवॉर्डन, वनपासवर्ड ही त्यातील परिचित नावे; स्वदेशीचा आग्रह असणाऱ्यांसाठी झोहो या भारतीय कंपनीचे झोहो व्हॉल्टही आहे. सर्व शब्द कूटबद्ध होऊन एका पेटीत राहतात आणि त्या पेटीची किल्ली असलेला एकच मुख्य शब्द माणसाने पाठ ठेवायचा. पाठांतराची परंपरा असलेल्या समाजाला हे अवघड नाही. फक्त त्यासाठी प्रसिद्ध श्लोकाचा चरण घेऊ नये. जो सर्वांना पाठ आहे, तो गुप्त कसा राहील?

या साधनाचे एक एक्स्टेन्शन ब्राउझरच्या कोपऱ्यात बसते आणि संकेतस्थळ उघडताच योग्य शब्द आपोआप भरते. सोय मोठी आहे. प्रश्न इतकाच, की सकाळी एकदा उघडलेली पेटी मिटते केव्हा? ते ठरविणारी सोय म्हणजे ऑटो-लॉक, आणि बहुतेकांनी ती कधी उघडूनही पाहिलेली नसते. बिटवॉर्डनमध्ये तत्काळ, एक मिनिट, पाच, पंधरा, तीस मिनिटे, एक तास, चार तास, ब्राउझर पुन्हा सुरू होईपर्यंत आणि ‘कधीच नाही’ असे पर्याय मिळतात. यातला शेवटचा निवडला तर पेटी उघडण्याची किल्लीच त्या संगणकावर ठेवली जाते, असा इशारा बनविणाऱ्यांनीच दिलेला आहे. तिजोरीला कुलूप लावून किल्ली तिच्याच खुंटीला टांगावी, तसा हा प्रकार. ‘ब्राउझर पुन्हा सुरू होईपर्यंत’ हा पर्यायही दिसतो तितका निर्धोक नाही. अनेक घरांत संगणक बंद न करता नुसते झाकण लावतात. ब्राउझर आठ-आठ दिवस बंदच होत नाही.

मिनिटे मोजण्याची पद्धतही सर्वत्र एक नाही. वनपासवर्ड संगणकाचा वापर थांबल्यापासूनचा वेळ मोजतो. बिटवॉर्डनमध्ये मिनिटांचे पर्याय त्या साधनाला शेवटचा स्पर्श झाल्यापासून मोजले जातात. म्हणून माणूस समोर बसून वर्तमानपत्र वाचत असला तरी पेटी मिटते. हे ठाऊक नसल्याने ‘सारखे सारखे विचारते’ अशी कुरकूर होते आणि वैतागून ‘कधीच नाही’ निवडले जाते.

आता रत्नागिरीतील घर डोळ्यांसमोर आणावे. गणपतीत मुंबई-पुण्याचे सारे आप्त गावी येतात. माजघरातील टेबलावर आजोबांचा लॅपटॉप उघडा असतो. भाचा त्यावर गाणी लावतो, शेजारचा मुलगा परतीच्या गाडीचे तिकीट पाहतो. यांत कोणी चोर नाही. पण एखादी फसवी फाईल उतरवून घेतली जाण्यास चोर असावा लागत नाही. आंब्याच्या हंगामात पेढीवरचा संगणक गडी, मुनीम, गिऱ्हाईक यांच्या वर्दळीत दिवसभर उघडा राहतो. तेथे एक ते पाच मिनिटांची मुदत हवी. घरी एकट्याच्या वापराच्या यंत्रावर पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. शिवाय जागेवरून उठताना विंडोजचे बटण आणि एल दाबून पडदाही बंद करावा. कुटुंबातील प्रत्येकाचे खाते वेगळे असले तर फारच उत्तम. सेवा केंद्रातील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर हे एक्स्टेन्शन बसवूच नये.

मुदत संपल्यावर काय व्हावे, हाही एक पर्याय असतो. ‘लॉक’ झाले तर कूटबद्ध पेटी यंत्रावरच राहते आणि पिन किंवा बोटाच्या ठशाने उघडता येते. ‘लॉग आउट’ झाले तर ती यंत्रावरून जाते. पुन्हा मुख्य शब्द आणि, ठेवले असल्यास, दुसरे प्रमाण द्यावे लागते. आणि एक गैरसमज येथेच दूर व्हावा: पेटी मिटली म्हणून आधी उघडलेले बँकेचे वा पत्रपेटीचे पान बंद होत नाही. तेथून स्वतंत्रपणे बाहेर पडावेच लागते.

धोका काल्पनिक नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मारेक टोथ या संशोधकाने अमेरिकेतील डेफ कॉन परिषदेत दाखवून दिले, की फसव्या पानावरील साध्या खिडकीवर टिचकी मारताच, खाली अदृश्य करून ठेवलेल्या एक्स्टेन्शनकडून माहिती भरून घेता येते. त्याने अकरा पासवर्ड मॅनेजर तपासले होते. हा डाव उघड्या पेटीवरच चालतो. मात्र ऑटो-लॉक म्हणजे सर्वांगाचे चिलखत नव्हे. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात कळफलकावरील प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्राम शिरला. त्याने मुख्य शब्द टाइप केला आणि तोच चोरीला गेला. ग्राहकांच्या कूटबद्ध पेट्यांच्या प्रती चोरांच्या हाती लागल्या. तेथे कोणतीही मुदत उपयोगी पडली नसती.

म्हणून कुटुंबातील कर्त्याने नियम फार कडकही करू नयेत. दर मिनिटाला लांबलचक शब्द मागणारी पेटी घरातील आई-आजीला कडा उतरायला लावते. मग तो शब्द कॅलेंडरच्या मागे लिहिला जातो किंवा पिन १२३४ होते. त्यांच्या यंत्रावर पंधरा मिनिटांची मुदत आणि बोटाचा ठसा, एवढे ठेवले तर दरवाजाही मिटतो आणि वाटही सापडते.

मुख्य शब्द विसरला तर बहुतेक कंपन्या तो परत देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. घरातील कर्ता माणूस अचानक गेल्यावर अडचण मग सगळ्या घरावर येते. तो शब्द कागदावर लिहून, लिफाफा मोहोरबंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा आणि तो तेथे आहे हे पत्नीला वा मुलीला आजच सांगावे. आणि फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा.