फोटो फाइलमध्ये नसतोच! दिवाळी अंक, तीन गावं आणि एक ‘लिंक्स’ फोल्डर

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण कॉलेज करता करता किंवा नोकरी सांभाळून जे पानं लावायची कामं घेतात, त्यांनी हा एपिसोड ऐकाच. स्मरणिका, पुस्तक, दिवाळी अंक, काहीही असू दे. या कामात पैसे बुडतात ते बहुतेक याच गोष्टीपायी.

इनडिझाइनमध्ये आपण फोटो ‘प्लेस’ करतो. तो पानावर दिसतो, म्हणून वाटतं की फाइलमध्ये आला. आलेला नसतो. दिसते ती त्याची हलकीशी झलक, आणि मागे नोंदलेला असतो एक पत्ता : अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, या नावाचा फोटो. पीडीएफ काढताना प्रोग्राम त्या पत्त्यावर जातो आणि खरा फोटो घेऊन येतो. तिथं फोटो सापडला नाही तर प्रोग्राम इशारा देतो. घाईत आपण ‘ओके’ दाबतो, आणि झलकच छापायला जाते. स्क्रीनवर ठीक दिसलेला चेहरा कागदावर ठिपक्याठिपक्यांचा होतो.

तुम्ही म्हणाल, मग फोटो आतच का नाही टाकत? टाकता येतो. लिंक्स पॅनेलमध्ये ‘एम्बेड’ असा पर्याय आहे. पण दोनशे पानांच्या अंकात सगळे फोटो आत कोंबले तर फाइल इतकी फुगते की सेव्ह करताना चहा होतो. शिवाय फोटोचा रंग सुधारला तर तो पुन्हा टाकत बसा. पत्त्याची पद्धत चांगलीच आहे. फाइल घराबाहेर पडली की मात्र ती अडचणीची होते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आपल्याकडचा पहिला. त्या काळात चित्र म्हणजे धातूचा ब्लॉक. तो एकच असायचा आणि छापखान्यातच असायचा. आता आमच्याच अंकाचं बघा. कथांचं डिझाइन कोल्हापुरात होतं, जाहिराती नाशिकमध्ये लागतात, जुळणी मी पुण्यात सदाशिव पेठेत बसून करतो. एकाच फोटोच्या चार प्रती चार ठिकाणी असतात, आणि प्रत्येक कॉम्प्युटरचं म्हणणं की माझीच खरी.

गेल्या काही वर्षांतला एक प्रसंग सांगतो. आम्ही तिघं एकच सामायिक ‘लिंक्स’ फोल्डर वापरत होतो. त्यात ‘लेखक-फोटो’ नावाची एक फाइल होती, श्रद्धांजलीच्या पानावरची. कोल्हापूरच्या सहकाऱ्याला एका कवीचा फोटो आला, तोही नेमका त्याच नावानं. त्यानं तो फोल्डरमध्ये टाकला, जुन्याच्या जागी नवा बसला. इकडे पुण्यात फाइल उघडली तेव्हा प्रोग्रामनं विचारलं, लिंक बदलली आहे, अपडेट करू का? आमच्याकडच्या मुलानं ‘हो’ म्हटलं. तसं म्हणायलाच शिकवलेलं असतं. आणि हयात असलेल्या, चांगल्या खणखणीत कवीचा फोटो श्रद्धांजलीच्या चौकटीत जाऊन बसला! प्लेट निघायच्या आदल्या रात्री आमच्या मुद्रितशोधक काकूंनी तो पकडला. त्या कवींना ओळखत होत्या म्हणून. नसत्या ओळखत, तर दिवाळीच्या दिवशी त्या घरात काय गेलं असतं, विचार करा.

यात कुठंही लाल खूण आली नव्हती. लाल प्रश्नचिन्ह म्हणजे फोटो हरवला, ते निदान दिसतं तरी. पिवळा त्रिकोण म्हणजे फोटो बदलला, आणि तो जास्त धोक्याचा, कारण एका क्लिकनं नाहीसा होतो. म्हणून आता आमचा नियम असा : त्याच फोटोचा रंग सुधारला तर नाव तेच राहतं, फोटो दुसरा असेल तर नाव दुसरं. नावात लेख आणि व्यक्ती असते, ‘श्रद्धांजली-आडनाव-१’ असं. पान क्रमांक अजिबात नको, जाहिरात वाढली की पानं सरकतात. आणि सामायिक फोल्डरमध्ये फोटो टाकतो एकच माणूस. बाकीचे त्याच्याकडे पाठवतात. थोडं सरकारी वाटतं, पण झोप लागते.

दुसऱ्याला काम पाठवताना फक्त डॉक्युमेंट ईमेल करू नका. फाइल मेनूत ‘पॅकेज’ आहे, ते वापरा. त्यातून नवा फोल्डर तयार होतो : डॉक्युमेंटची प्रत, ‘लिंक्स’चा फोल्डर, फाँटचा फोल्डर. हवी तर आयडीएमएल पण घ्या, समोरच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर तीच उघडते. हा फोल्डर अख्खा झिप करून पाठवायचा. पॅकेज झाल्यावर तुमच्यासमोर उघडी असते ती मूळ फाइलच, पाठवलेली नव्हे. त्यात पुढच्या दुरुस्त्या करत बसलात, तर दोन अंक तयार होतात.

फाँट पण एक प्रकारची लिंकच आहे. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर असेल आणि समोर तो फाँट नसेल, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अ‍ॅडोबीच्या सबस्क्रिप्शनमधले फाँट पॅकेजमध्ये येत नाहीत, ते समोरच्यानं स्वतः चालू करायचे. एवढं फोनवर आधीच बोलून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोबद्दल माझं मत कडक आहे : लावायचाच नाही. साधा हिशेब करा. १६०० पिक्सेल लांबीचा फोटो ३०० पीपीआयनं छापला तर सव्वापाच इंचांच्या आसपास भरतो. पूर्ण पानाला पुरत नाही. लेखकांना सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, गॅलरीतून नको. ज्येष्ठ लेखक असतील तर त्यांच्या नातवाला गाठा, पटकन होतं.

राहता राहिलं ड्राइव्ह. एकच डॉक्युमेंट दोघांनी एकदम उघडू नये म्हणून इनडिझाइन शेजारी एक छोटी कुलूप-फाइल ठेवतं. एकाच ऑफिसच्या नेटवर्कवर ती काम करते. गूगल ड्राइव्हवर मात्र सिंक व्हायला वेळ लागला, की कुलूप पोचायच्या आत दुसऱ्यानं दार उघडलेलं असतं. त्यापेक्षा अंकाचे तुकडे करा. कथा, लेख, कविता, प्रत्येकाचं वेगळं डॉक्युमेंट, आणि सगळी मिळून एक ‘बुक’ फाइल. पान क्रमांक ती आपोआप जुळवते. एका तुकड्यावर एका वेळी एकच जण, आणि कोण कशावर बसलंय हे ग्रुपवर एका ओळीत.

पुढच्या भागात प्रेसला पीडीएफ देण्याबद्दल बोलू, ब्लीड आणि काळ्या रंगाच्या भानगडी. तोवर तुमच्याकडचं एखादं जुनं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडून बघा. किती लाल प्रश्नचिन्हं दिसली, ते व्हॉइस नोटवर कळवा.