खबर हा उपकार नव्हे, हक्क आहे



लढाईत जखमी झालेल्या मुलाची खबर शोधत फिरलेल्या एका बापाविषयी मी बोलणार आहे. हा बाप म्हणजे इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग. १८६५ साली तो आपल्या मुंबईतच जन्मला. साम्राज्याचा कट्टर पुरस्कर्ता. त्याचे विचार आपल्याला पटणारे नाहीत. पण बापाचे काळीज सगळीकडे सारखेच.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. मुलगा जॉन याची नजर अधू, म्हणून त्याला सैन्यात घेईनात. किपलिंगने लॉर्ड रॉबर्ट्स या जुन्या सेनापतीकडे शब्द टाकला आणि पोराला आयरिश गार्ड्स पलटणीत जागा मिळवून दिली. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समधील लूसच्या लढाईत जॉन गेला, तो परतलाच नाही. वय अवघे १८. घरी कळले ते एवढेच : जखमी आणि बेपत्ता.

बंधूंनो, या दोन शब्दांत बाप अडकला. रडावे, तर पोरगा जिवंत असेल. वाट पाहावी, तर किती दिवस? नवरा-बायकोने इस्पितळे पालथी घातली. पलटणीतल्या शिपायांना गाठून विचारायचे, आमचा जॉन कुठे दिसला होता का? १९३६ साली किपलिंग वारला. मुलाची कबर त्याला अखेरपर्यंत सापडली नाही.

आता विचार करा. ज्याची ओळख सेनापतीपर्यंत, त्याची ही गत! मग आपल्या देशातून त्या युद्धात गेलेल्या शिपायांच्या आईबापांचे काय? फ्रान्समध्ये नव्ह-शापेल येथे १९२७ साली स्मारक उभे राहिले. ज्यांची कबर सापडली नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे त्यावर आहेत. खेड्यातल्या बापाने कोणाचे दार ठोठवायचे? कित्येकांना तर आलेले पत्रही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

ओळखीवर मिळणारी खबर ओळखवाल्यालाच मिळते. म्हणून कायदा लागतो. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी शत्रूच्या जखमी सैनिकाचीसुद्धा नोंद ठेवून ती कळवणे बंधनकारक केले. १९७७ च्या पुरवणी कराराने तर आपल्या माणसाचे काय झाले हे जाणण्याचा कुटुंबाचा हक्कच मान्य केला.

पण हक्क कागदावर राहून भागत नाही, तो मागावा लागतो. आपल्या वस्तीतल्या एखाद्या जवानाच्या म्हाताऱ्या आईबापांना चौकशीचा अर्ज करायचा असेल, तर शिकलेल्या पोरांनी तो लिहून द्यावा, सोबत कचेरीत जावे, आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नये. एवढे बोलून मी थांबतो.

जयभीम!