चाल लावणाऱ्याचे नाव



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने कवितेवर बोलावे, कादंबरीवर बोलावे, असा रिवाज आहे. मी आज एका संगीत दिग्दर्शकावर बोलणार आहे. त्यांचे नाव केशवराव भोळे. जन्म १८९६चा, अमरावतीचा. म्हणजे आपल्या वऱ्हाडचा हा माणूस. मुंबईला गेले ते वैद्यकीय शिक्षणासाठी. पण गाण्याने ओढून घेतले आणि डॉक्टरकी मागे पडली. पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘रामशास्त्री’ या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. १९७७ साली ते गेले. हे चित्रपट आठवले की आपल्याला दिग्दर्शक शांतारामबापू आठवतात, दामले-फत्तेलाल आठवतात, विष्णुपंत पागनीस आणि शांता आपटे हे कलाकार तर डोळ्यांसमोर उभे राहतात. चाली तोंडात असतात. त्या कोणी लावल्या असे विचारले तर मात्र सभागृह गप्प होते. विदर्भातसुद्धा गप्प होते, याची मला खंत आहे.

१९३६ सालचा ‘संत तुकाराम’ घ्या. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सत्तावन्न आठवडे चालला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण मला सांगायचे आहे ते त्या चित्रपटाच्या अगदी सुरुवातीचे. तुकोबा झालेले पागनीस विठ्ठलासमोर बसून अभंग म्हणताहेत. सरळ, भरीव चाल. एकही सूर दाखवण्यासाठी लावलेला नाही. मग तोच अभंग सालोमालोच्या तोंडी येतो. शब्द तेच, देव तोच. पण सालोमालो ताना घेतो, हातवारे करतो, नाटकी मुरक्या मारतो आणि श्रोत्यांकडे पाहतो. हा माणूस तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून खपवतो, हे कळायला प्रेक्षकाला संवादाची गरजच पडत नाही. कानांनी ते आधीच ओळखलेले असते. खरी भक्ती आणि भक्तीचे सोंग यांतला फरक निव्वळ गाण्याच्या ढंगातून दाखवणे, हे कादंबरीकाराच्या तोडीचे काम आहे. व्यक्तिरेखा उभी करणे आपण ज्याला म्हणतो, ते केशवरावांनी सुरांत केले. त्याच चित्रपटात तुकोबांची बायको जिजाई म्हशीला अंघोळ घालता घालता गाते. जिजाई झालेली गौरी काही गायिका नव्हे. तिच्या घरगुती, थोड्या खरखरीत गळ्याला सोसेल आणि शोभेल अशीच चाल तिला मिळाली आहे. म्हणूनच ती जिजाई आपल्या गल्लीतली वाटते.

आता त्या अभंगाकडे येतो, जो या समुद्रपूर तालुक्यातल्या भजनी मंडळींनाही पाठ असेल. बीजापासून वृक्षापर्यंतचा विस्तार सांगणारा, कापूस-सोयाबीन पेरणाऱ्या माणसाला पटकन आपला वाटणारा. तो तुकोबांचा, अशी महाराष्ट्राची समजूत झाली. गाथेत तो शोधणारेही निघाले. गाथेत तो नाही. तो लिहिला शांताराम आठवले यांनी, याच चित्रपटासाठी. आठवल्यांच्या लेखणीला त्याचे श्रेय आहेच, आणि ते पुरेपूर द्यायला हवे. पण मी विचारतो, नुसत्या छापील शब्दांवर लोक फसले असते का? अभंगाचा छंद साधणे चांगल्या कवीला जमते. तीनशे वर्षांपूर्वीच्या कीर्तनात तो म्हटला गेला असेल असे वाटायला लावणे हे चालीचे काम आहे. केशवरावांनी तिथे आपली ओळख इतकी पुसून टाकली की लोकांनी त्यांची रचना परंपरेच्या खात्यावर जमा केली. कलावंताला याहून मोठी पावती नाही, आणि त्याच पावतीमुळे त्याचे नाव विसरले गेले.

‘प्रभात’च्याही आधीचा एक टप्पा इथे सांगायलाच हवा. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून ते लिहिले होते. संगीत केशवरावांचे, आणि गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे, गोव्याच्या मातीतला गळा. तोवर संगीत नाटक म्हणजे पदांची रेलचेल, वन्स मोअरचा गजर आणि पहाटेपर्यंत रंगणारी बैठक. तिची थोरवी मी नाकारत नाही. बालगंधर्वांवर तर केशवरावांचेही प्रेम होते. पण या नाटकात गाणी मोजकी, आटोपशीर, आणि जिथे ज्योत्स्नाबाईंच्या भूमिकेतल्या मुलीला गावेसे वाटेल तिथेच. भावगीताने रंगभूमीवर पाऊल ठेवले ते असे.

नंतर ‘प्रभात’. मा. कृष्णरावांसारखा अस्सल गवई त्याच कंपनीत चाली लावत होता. त्याच्या शेजारी उभे राहून केशवरावांनी आपली वेगळी वाट राखली. ‘अमृतमंथन’मध्ये शांता आपट्यांची गझल लोकांनी डोक्यावर घेतली. पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार अशी वाद्ये त्यांनी मराठी चित्रपटसंगीतात आणली. पण प्रसंगाला हवीत म्हणून. याचा पुरावा ‘कुंकू’त सापडतो. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा १९३७चा चित्रपट. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या संसाराला नकार देते, ही कथा. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, घरातले, रस्त्यावरचे आवाज, एवढ्यावर प्रसंग तोलून धरले आहेत. ज्या संगीतकाराला हाताशी वाद्यवृंद आहे, त्याने जिथे बाजूला सरायचे तिथे बाजूला सरणे, याला मोठी समज लागते. आणि त्याच चित्रपटात नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. शिकलेल्या मुलीच्या मनातली उमेद तिच्याच पुस्तकातल्या शब्दांनी व्यक्त व्हावी, हे त्या काळाला धरूनच होते.

तो काळही ध्यानात घ्या. सुरुवातीच्या बोलपटांत नट-नट्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात. वादक चौकटीबाहेर दडून बसत. गायकाची हालचाल, मायक्रोफोनचे अंतर, सगळे एकाच वेळी साधायचे. त्यामुळे चाल लावताना समोर कोणता गळा आहे, त्याला काय पेलेल, हे आधी पाहावे लागे. पागनीसांचा भजनी आवाज, शांताबाईंचा धारदार गळा, जिजाईचा अनघड स्वर, या तिन्ही गळ्यांना केशवरावांनी आपापल्या जागी मान दिला.

मित्रहो, साहित्य संमेलनात मी त्यांचे नाव घेण्याचे सर्वांत मोठे कारण अजून सांगायचे आहे. केशवराव लेखक होते. ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गायकांवर लिहिले. नाव फार नेमके निवडले होते. गुरूकडे रीतसर गंडाबंधन न करता, ऐकून ऐकून शिकलेला हा माणूस. ‘अस्ताई’, ‘अंतरा’, ‘जे आठवते ते’ ही त्यांची पुस्तके. आणि ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या पुस्तकात तर आपण चाली कशा बांधल्या हे त्यांनी स्वतःच उलगडून ठेवले आहे. आपल्याकडे कलावंतांची आत्मचरित्रे पुष्कळ. त्यांत मानसन्मान असतात, हालअपेष्टा असतात, काम कसे केले ते मात्र बहुतेकदा नसते. केशवरावांनी ते लिहिले. मराठी गद्याच्या इतिहासात या पुस्तकाला स्वतंत्र पान मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

विदर्भाचे सुरांशी नाते केवळ एका माणसापुरते नाही. सी. रामचंद्र आणि वसंतराव देशपांडे हे दोघेही नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी तर आपल्या घराघरात घुमली. आणि या समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे, गावोगावी भजनी मंडळे आहेत. एकच अभंग इथल्या दोन गावांत दोन चालींनी म्हटला जात असेल. कोणी तरी त्या चाली लावल्या आहेत. त्यांतले काही लोक अजून हयात असतील, काहींची मुले-नातवंडे समोर बसली असतील.

म्हणून या व्यासपीठावरून माझी संयोजकांना एक विनंती आहे. ठरावांच्या यादीत एक ठराव वाढवा. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी गावोगावच्या भजनी मंडळांकडे जावे, चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि प्रत्येक चालीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : गावाचे नाव, शिकवणाऱ्याचे नाव, आणि ठाऊक असेल तर चाल लावणाऱ्याचे नाव. ज्यांना स्वरलिपी येते त्या संगीत शिक्षकांनी त्या लिहून काढाव्यात. ही वही तालुक्याच्या ग्रंथालयात राहावी, आणि तिच्या शेजारी ‘माझे संगीत’ची एक प्रत असावी. ती प्रत मिळवून देण्याचे काम माझ्याकडे द्या.